ओपन स्पेस वाचवायची म्हणून नगरपरिषदेला उभी राहतेय, कुठं अडेल ते सांगा

लिंबोणी | ९ ऑक्टोबर २०२५

काल आरक्षणाची सोडत निघाली. आमच्या प्रभागातली एक जागा सर्वसाधारण महिलेला सुटली आणि घरात जो विषय निघालाय तो अजून मिटलेला नाही. मी अपक्ष उभी राहायचं म्हणतेय. गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं, ब वर्ग नगरपरिषद. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

कारण असं. आमच्या कॉलनीच्या लेआउटमध्ये एक ओपन स्पेस आहे, एकराला थोडी कमी. सुरुवातीला राहायला आलेल्या लोकांनी तिथं लिंब आणि करंज लावले, घरच्या बोअरचं पाणी घालून जगवले. पुढं नगरपरिषदेनं त्याचं 'उद्यान' केलं. तारेचं कंपाउंड, हिरवळ, कारंजं, कमान, कमानीवर पाच-सहा जणांची नावं. हिरवळ दोन उन्हाळ्यांत जळाली, कारंजं उद्घाटनानंतर उडालं नाही, लिंबं मात्र आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या घरात बसवत नाही, तेव्हा म्हाताऱ्या बायका गहू निवडायला सूप घेऊन तिथंच येतात.

गणपतीच्या सुमारास तिथं फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणे 'बहुउद्देशीय सभागृह' होणार आणि रस्त्याच्या बाजूनं गाळे. कोणी ठरवलं? ठराव झालाय. कोणाचा ठराव? जवळजवळ चार वर्षं सभागृहच नाही, प्रशासक आहेत. म्हणजे विषय मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. त्यातही हा विषय पत्रिकेवर नव्हता, 'ऐनवेळचे विषय' म्हणून आला.

माझं सांगणं एवढंच राहील: निवडून आले तर सभेच्या आधी विषयपत्रिका प्रभागात वाचून दाखवणार, आणि सभा झाल्यावर कशावर हात वर केला, कशावर नाही, ते येऊन सांगणार. बागेची गोष्ट त्यातलं पहिलं उदाहरण.

घरचे म्हणतात, नळाला दहा दिवसांनी पाणी येतं आणि ही बागेवर मतं मागायला निघाली. मंडळी, तुम्हाला काय वाटतं?

उस्मानाबादी शेळी | ९ ऑक्टोबर २०२५

ताई, झाडाला मत नसतंय. गाळा मिळंल म्हणून वाट बघणाऱ्याला असतंय. एक गाळा दहा जणांना कबूल केलेला असतो बगा, आन त्या दहाच्या घरातली चाळीस मतं कुठं जात्यात ते तुमी मोजा. बाकी तुमी उभ्या राहायलाव त्याचा आनंद हाय. फारम भरायच्या दिवशी सांगा, हलगी घेऊन येतो.

निवृत्त बाबू | १० ऑक्टोबर २०२५

ताई, माझी उभी नोकरी नगरपरिषदेत गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हे पक्कं करा की तुमची जागा लेआउटमधली ओपन स्पेस आहे की विकास आराखड्यातलं उद्यानाचं आरक्षण. लोक दोन्हीला बागच म्हणतात, पण कागद वेगळे आणि वाचवायची रीतही वेगळी. लेआउट मंजूर करताना जमीनमालकाला काही हिस्सा मोकळा सोडावा लागतो. सध्याच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे २०२० च्या यूडीसीपीआरमध्ये, ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जमिनीला १० टक्के. ती जागा फुकटची नसते, प्लॉट घेणाऱ्यांनी दरात तिची किंमत मोजलेली असते. मंजूर नकाशावर ती 'खुली जागा' म्हणून रंगवलेली असते. त्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत हातात नसेल तर प्रचाराला निघू नका. चौकात कोणी विचारलं 'कशावरून?', तर नकाशा उलगडून दाखवता आला पाहिजे.

आरक्षणाचं तसं नाही. ती खासगी जमीन, फक्त आराखड्यात 'उद्यान' लिहिलेलं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन केली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, की आरक्षण व्यपगत. मग मालक मोकळा. अशा नोटिशा मी स्वतः आवक रजिस्टरला चढवलेल्या आहेत. शिक्का मारला, टेबलावर गेली, तिथंच राहिली. दर वेळी कोणी मुद्दाम दाबली असंही नाही. संपादनाला पैसा नाही, मग उत्तर काय द्यायचं, म्हणून फाईल हलत नाही. पण मुदत थांबत नाही.

आता तुमचा ठराव. नक्कल मागा. माहिती अधिकारात १० रुपये आणि ३० दिवस हा एक रस्ता. दुसरा लोकांना फारसा माहीत नाही: २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे. जा, बसा, फाईल मागा, टिपून घ्या. ठराव बेकायदा किंवा लोकांच्या हिताविरुद्ध वाटला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यासाठी नगरसेवक असावं लागत नाही. अर्ज आजच करता येतो.

आणि गाळ्यांबद्दल: नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्यानं द्यायची तर कलम ९२ ची बंधनं आहेत. 'गाळे तुम्हालाच देऊ' असं कोणी आज कबूल करत असेल तर तो शब्द कागदावर मागून बघा म्हणावं.

दख्खनी | १० ऑक्टोबर २०२५

बाबूकाकांच्या म्हणण्याला जोडून. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा बंगळूरच्या एका बागेबद्दलचा निकाल आहे, बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. बागेसाठी राखलेली जागा खासगी इस्पितळाला दिली होती. रहिवासी कोर्टात गेले आणि कोर्टानं ते वाटप रद्द ठरवलं. इस्पितळ उपयोगाचं असेल, पण बागेच्या जागेवर नाही. जनतेचीच जागा जनतेच्या कामाला वापरतोय, असं तुम्हाला ऐकवतील तेव्हा हा निकाल कामाला येईल.

आमच्या संभाजीनगरात प्रियदर्शिनी उद्यानातल्या झाडांचा प्रश्न खंडपीठापर्यंत गेला, हिमायत बागेच्या झाडांसाठी लोक जागे झाले. पण एप्रिल २०२० पासून आमच्याकडेही प्रशासकच. पाच वर्षांत प्रभागातल्या माणसानं कोणाचं दार ठोठवायचं?

काळी माती | ११ ऑक्टोबर २०२५

मी जरा वाकडं बोलणार आहे, राग मानू नका.

तुमच्या लेआउटला ओपन स्पेस तरी आहे. आमची वस्ती गुंठेवारी. बाँडवर घेतलेले प्लॉट, २० बाय ३०. मालकानं वावर तोडून विकलं, मोकळी जागा सोडायचा विषयच नाही. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली पैसे भरून घरं नियमित करून घ्या म्हणतात. घरं होतीलही, पण मैदान कुठून आणणार? आमची पोरं विजेच्या डीपीच्या बाजूला विटा रचून क्रिकेट खेळतात.

आणि बागेचं म्हणाल तर तुमच्यासारख्या कॉलन्यांच्या बागांना फाटक असतं, फाटकाला कुलूप असतं, किल्ली अध्यक्षाकडं असते. आमच्या गल्लीतली पोरं आली की 'कुठले रे तुम्ही' म्हणून हाकलतात. मग ती जागा सार्वजनिक कशी? उद्या तिथं सभागृह झालं तर आमच्या पोरींची लग्नं तरी स्वस्तात लागतील. मंगल कार्यालयाचं एका दिवसाचं भाडं विचारून या, मग बागेचं सांगा.

गोदाकाठ | ११ ऑक्टोबर २०२५

काळी माती, एकदम बरोबर बोललात.

नांदेडचा अनुभव सांगतो. २००८ च्या शिखांच्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या वेळी जेएनएनयूआरएमचा, म्हणजे केंद्राच्या शहर विकास योजनेचा पैसा आला. घाट, रस्ते झाले, शहराचा चेहरा बदलला. करायला पैसा दिल्लीहून येतो, निगा राखायला गावातूनच लागतो. बागेचंही तसंच. भूमिपूजनाला निधी असतो, माळ्याच्या पगाराला नसतो. कोणी उमेदवार मला म्हणाला की 'नवीन बाग देतो' तर मी त्याला मत देणार नाही. 'आहे त्या बागेचा माळी, मोटार आणि बोअरचं वीजबिल अंदाजपत्रकात कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे ते सांगतो' म्हणाला तर देईन.

शिवाय बाग ठेवणं हे कायद्यात ऐच्छिक कामात येतं. पाणी, दिवाबत्ती, सफाई ही बंधनकारक. ७४ व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, क्रीडांगणं आहेत खरी, पण पैसे कमी पडले की कात्री आधी तिथंच लागते.

पुणेस्थित बीडकर | ११ ऑक्टोबर २०२५

प्रचारासाठी रील्स करा. ड्रोन शॉट घ्या, वरून हिरवळ छान दिसते. ऑनलाइन याचिका काढा, दहा हजार सह्या सहज होतील.

उस्मानाबादी शेळी | ११ ऑक्टोबर २०२५

बीडकर भाऊ, हिरवळ जळून गेली म्हणायल्या त्या. ड्रोन उडवून काय फक्की दाखवायची का? आन दहा हजार सह्या केल्या तर त्यातले यादीत किती हायेत ते पण सांगा.

लिंबोणी | १२ ऑक्टोबर २०२५

बाबूकाका, उद्या सोमवार आहे, फाईल बघायला जातेय. पहिल्यांदा 'साहेब नाहीत', मग 'असा काही नियम नाही', मग शासन निर्णयाची प्रत दाखवल्यावर खुर्ची मिळेल, अशी मनाची तयारी करून जातेय.

काळी माती, तुमचं वाचून मी गप्प बसले होते. आमच्या फाटकाला कुलूप असतं, खरं आहे. किल्ली आमच्या शेजारच्यांकडं असते. त्यांच्याशी काल बोलले, तर 'बाहेरची पोरं येऊन दिवे फोडतात' हे उत्तर. दिवे फुटलेत हेही खरं. माझं मत असं की सार्वजनिक पैशानं कंपाउंड झालं त्या दिवसापासून ते कुलूप बेकायदा आहे, आणि हे मी कॉलनीत उघड बोलणार. त्यानं इथली मतं जातील असं मिस्टर म्हणाले. जाऊ देत.

सभागृहाला माझा विरोध नाही. ते लिंबाच्या मुळावर का? बंद पडलेल्या जकात नाक्याची जागा नगरपरिषदेचीच आहे, बसस्टँडच्या रस्त्यावर आहे, तुमच्या वस्तीलाही जवळ. तिथं सध्या भंगार गाड्या लावतात.

एकदाच निवडून आलेली | १३ ऑक्टोबर २०२५

मी नगरसेविका होते, एक टर्म. आमच्याकडं सभा कशी होते ते सांगते, म्हणजे लिंबोणीताईंना आतलं कळेल.

सभेची नोटीस घरी यायची ती मिस्टरांच्या नावानं असल्यासारखी त्यांच्याच हातात जायची. सभागृहात गेल्या गेल्या शिपाई हजेरीचं रजिस्टर पुढं करतो, आपण सही करतो. चहा, बिस्किटं. विषय क्रमांक एक ते बावीस एका दमात वाचतात. 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो, कोणाचा ते कळत नाही. मग 'ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीनं'. ते वाचत पण नाहीत. इतिवृत्त नंतर लिहिलं जातं. एकदा मी ते मागून वाचलं तर एका ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव. मी त्या दिवशी सभेत तोंडसुद्धा उघडलं नव्हतं! रजिस्टरमध्ये सूचक आणि अनुमोदक यांच्या पुढं जागा कोरी सोडलेली असते, ती मागाहून भरतात, शाईसुद्धा वेगळी दिसते.

त्यानंतर मी काय करायला लागले, तर प्रत्येक सभेला एक साधी चिठ्ठी द्यायची: 'विषय क्र. अमुकला माझा विरोध आहे, इतिवृत्तात नोंद घ्यावी.' दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. एवढ्याशा चिठ्ठीचा किती राग यावा! पुढच्या वेळी माझं तिकीट कापलं. पण दोन विषय त्या चिठ्ठीमुळं पुढं ढकलले गेले, कारण लेखापरीक्षणात नाव निघेल ही भीती असते. स्थानिक निधीचे ऑडिटर येतात तेव्हा असे कागदच बघतात.

ताई, जाहीरनाम्यात हे नक्की लिहा की सभेला तुम्ही जाणार, मिस्टर नाही. हसू नका कोणी. आमच्याकडं बायकांना हा प्रश्न खरंच विचारतात.

काळी माती | १३ ऑक्टोबर २०२५

जकात नाक्याचं बरं वाटलं. पण माझा प्रश्न तसाच आहे. आमच्या वस्तीत एक गुंठा मोकळा नाही. तुम्ही निवडून आलात तर आम्हाला काय?

निवृत्त बाबू | १३ ऑक्टोबर २०२५

काळी माती, तुमच्या बाजूला आराखड्यात एखादं आरक्षण आहे का ते बघा. गावाच्या कडेला गुंठेवारी वाढली त्या पट्ट्यात जुन्या आराखड्यात बहुतेक वेळा क्रीडांगण नाही तर उद्यान दाखवलेलं असतं. नकाशा नगररचना शाखेत भिंतीवर लावलेला असतो. सर्व्हे नंबर घेऊन जा.

ज्वारीची भाकर | १४ ऑक्टोबर २०२५

पाण्याचं कोणीच बोलेना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, विसरलात? तहानलेल्या गावात बागेला टँकर लावला तर लोक दगड मारतील आणि बरोबर करतील.

मी रोपवाटिका चालवतो. हिरवळ हा आपल्याकडचा प्रकारच नाही. बागेचं टेंडर निघतं त्यात लॉन, शोभेचे पाम, नाही तर भराभर वाढतं म्हणून कोनोकार्पस. तीन वर्षांत एक मरतं, दुसरं गटारीत मुळं घालतं. लिंब, चिंच, करंज, वड, पिंपळ यांना पहिले दोन-तीन उन्हाळे जपलं की पुढं ती आपली आपण जगतात. त्या दोन-तीन उन्हाळ्यांसाठीही प्यायचं पाणी नको, सांडपाणी प्रक्रियेचं चालतं. लिंबोणीताईंनी पत्रकात ठळक लिहावं की बागेला नळाचा एक थेंब मागणार नाही. घरच्यांचा आक्षेप तिथंच संपेल.

दख्खनी | १४ ऑक्टोबर २०२५

आणि झाडं तोडायला परवानगी घेतलीय का ते बघा. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा नगरपरिषदेलाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोड नाही, मग तोडणारी नगरपरिषद का असेना. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं आणि त्यापुढच्या झाडाला वारसा वृक्ष धरलंय. तुमची लिंबं तेवढी जुनी नसतील, पण परवानगीचा कागद तरी दाखवा म्हणावं.

लिंबोणी | २८ ऑक्टोबर २०२५

फाईल पाहिली. बराच वेळ 'साहेब नाहीत' झालं, शासन निर्णयाची प्रत दाखवल्यावर खुर्ची मिळाली. जागा लेआउटची खुली जागाच आहे, नकाशावर स्पष्ट. ठरावात मात्र तिला 'नगरपरिषदेच्या मालकीची पडीक जागा' म्हटलंय. त्या पडीक जागेवर उभ्या असलेल्या झाडांचा एका शब्दानं उल्लेख नाही, परवानगी तर लांबच. नकलांचे पैसे भरलेत. कलम ३०८ चा अर्ज जिल्ह्याला देऊन आले, पोच घेतली.

फॉर्मची तयारी चाललीय. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, खर्चासाठी वेगळं बँक खातं. ब वर्गात सदस्याला खर्चाची मर्यादा साडेतीन लाख आहे. हे ऐकून आमच्याकडं एक जण म्हणाले, 'एवढ्यात तर एका गल्लीचं जेवण होतं.'

एकदाच निवडून आलेली | २८ ऑक्टोबर २०२५

सूचक पक्के करून ठेवा, अपक्षाला पक्षवाल्यांपेक्षा जास्त लागतात. आणि दोन-तीन जास्तीचे तयार ठेवा. छाननीच्या आदल्या रात्री सूचकाला फोन जातात आणि सकाळी तो 'ती सही माझी नाही' म्हणतो.

पॅनलचा पण विचार करा. मतदाराला थेट नगराध्यक्षाचं एक आणि सदस्यांची दोन बटणं दाबायची असतात. पक्षाचा माणूस सांगतो, 'तिन्ही ठिकाणी एकच चिन्ह बघा काकू.' अपक्षाला हे सांगता येत नाही.

लिंबोणी | २७ नोव्हेंबर २०२५

एका पक्षाकडून दोनदा निरोप आला होता, पॅनलमध्ये या म्हणून. त्यांना विचारलं, विषयपत्रिका वाचून दाखवायचं तुमच्या जाहीरनाम्यात घेता का? 'ते आपण निवडून आल्यावर बघू.' मग अपक्षच राहिले.

चिन्ह काल, २६ ला मिळालं. मतदान २ डिसेंबरला. मधे दिवस किती ते बघा. पक्षाची चिन्हं लोकांना लहानपणापासून पाठ, आणि अपक्षानं आठवड्याच्या आत आपलं चिन्ह घराघरात पोचवायचं. तक्रार निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकाबद्दल आहे, नशिबाबद्दल नाही.

काळी मातीच्या वस्तीत काल संध्याकाळी गेले होते. नकाशा अंथरला. बाबूकाका म्हणाले तसंच निघालं: त्यांच्या मागच्या सर्व्हे नंबरात क्रीडांगणाचं आरक्षण आहे आणि तिथल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं. एक आजी म्हणाल्या, 'म्हंजी त्या तुरीच्या वावरात?' हो, त्याच तुरीच्या वावरात.

उस्मानाबादी शेळी | ३ डिसेंबर २०२५

आज मोजणी हुती ना? एकदम २१ तारखेवर गेली म्हणायलेत. हायकोर्टाचा आदेश म्हणं, सगळीकडचं मतदान होऊ द्या मग मोजा. गुलाल आणून ठेवलेल्यांचे हाल बगवेनात.

लिंबोणी | २२ डिसेंबर २०२५

हरले. दुसऱ्या नंबरवर आहे. अनामत वाचली.

आकडे बूथवार हाती आलेत. गंमत म्हणा नाही तर काही म्हणा, गुंठेवारीच्या दोन्ही बूथवर मी पुढं आहे आणि माझ्या स्वतःच्या कॉलनीच्या बूथवर तिसरी. कुलपाचं बोलले ते नडलं, गाळ्यांचं कबूल केलेलं होतं तेही चाललं. शेवटच्या दोन रात्री लक्ष्मीदर्शन झालं, ते सगळ्याच गावांत होतं, त्यावर वेगळं काय लिहू?

काळी माती | २२ डिसेंबर २०२५

आमच्याकडं पण पाकिटं आली होती ताई. घेणाऱ्यांनी घेतली, खोटं कशाला बोलू. पण नकाशा घेऊन कोणी आलं नव्हतं आजवर.

गोदाकाठ | २३ डिसेंबर २०२५

निवडून आलेल्यांना आता नवीन सभागृहात तो सभागृह-गाळ्यांचा विषय पुढं न्यायचाय की नाही, ते विचारा. प्रशासकाच्या ठरावामागं लपायची सोय आता त्यांना नाही. नावानिशी हात वर करावा लागेल.

निवृत्त बाबू | २३ डिसेंबर २०२५

ताई, निवडणूक हरलात तरी खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावाच लागतो. नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. हरलेले हमखास हे विसरतात.

लिंबोणी | १७ जानेवारी २०२६

हिशेब दिला, पोच घेतली.

जिल्ह्याहून पत्र आलंय. ठराव स्थगित केलेला नाही, नगरपरिषदेकडून अहवाल मागवलाय. काम तेवढ्यापुरतं थांबलंय, फक्की पुसत आलीय. नव्या नगरसेविकेकडं गेले होते, नकाशाची एक प्रत दिली. त्या चांगलं बोलल्या. त्यांचे मिस्टर म्हणाले, 'बघू आम्ही.' उपनगराध्यक्ष आणि स्वीकृत सदस्यांची निवड झालीय, आता पहिली नेहमीची सभा लागेल. तिची विषयपत्रिका मिळावी म्हणून अर्ज टाकलाय.

फाटकाचं कुलूप मात्र निघालं. कोणी काढलं ते कोणी सांगत नाही. परवा पलीकडच्या पोरांचा कॉलनीच्या पोरांशी सामना झाला आणि एक दिवा फुटला. दिव्याचे पैसे कोणी भरायचे यावर ग्रुपवर अजून चाललंय.

दख्खनी | १७ जानेवारी २०२६

आमच्याकडं परवा मतदान झालं, काल निकाल. ११५ नगरसेवक मिळाले एकदाचे. लिंबोणीताई, तुमचं ते विषयपत्रिकेचं पत्रक मला पाठवा, आमच्या प्रभागातल्या चौघांच्या हातात देतो.

निवृत्त बाबू | १८ जानेवारी २०२६

ताई, एक महत्त्वाचं राहिलं. त्या तुरीच्या वावराच्या मालकानं कलम १२७ ची नोटीस दिलीय का, दिली असेल तर कोणत्या तारखेला, ते आवक रजिस्टरमधून काढा. आराखडा १० वर्षांपेक्षा जुना असेल तर नोटीस आलेली असण्याची शक्यता बरीच. २४ महिन्यांतले किती उरलेत त्यावर पुढचं सगळं ठरेल. नोटीस असेल तर नव्या सभागृहाकडून संपादनाचा, नाही तर टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं बांधकामाचा हक्क) देण्याचा प्रस्ताव मुदतीत जायला हवा, आणि ते काम नगरसेवकांकडूनच करून घ्यावं लागेल.

काळी माती | १८ जानेवारी २०२६

मालक वावराला तार ओढायलाय परवापासून. मुरूमाच्या दोन गाड्या पण पडल्यात.

लिंबोणी | १८ जानेवारी २०२६

उद्या सोमवारच आहे. तीनला नगरपरिषदेत जातेय, आवक रजिस्टर मागणार. काळी माती, सर्व्हे नंबरचा सातबारा आणि तुमच्या गल्लीतले दोघं-तिघं घेऊन या. मुरूमाचे फोटो आजच काढून ठेवा, तारखेसकट.